गुऱ्हाळाचा धूर कुणीकडं जातोय

सायकल शर्यतीतला माझा नंबर 52. नंबराबरोबर चार सेफ्टी पिना द्यायच्या असतात, पण मागच्या वर्षी त्या निम्म्यातच संपल्या आणि एका काकांनी जर्सीला नंबर चक्क स्टेपल करून घेतला होता. म्हणून यंदा मी पिना घरनं नेल्या. सासूबाईंच्या डब्यातल्या. त्यांनी मोजून दिल्या, परत आणायच्या बोलीवर.

दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. सव्वासहाला कराडाबाहेर पाटण रस्त्यावर पोहोचले तेव्हा कोयनेकडच्या अंगाला धुकं असं बसलं होतं की ऊस नुसता शेंड्यांवरनं कळत होता. आमचा सायकलचा हंगाम आणि कारखान्यांचा गळीत हंगाम एकदमच सुरू होतो. त्यामुळं हंगामातल्या पहिल्या शर्यतीत रस्त्यावर आमच्याबरोबर कोण कोण असतं ते सांगते: उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, ट्रॉलीतनं सांडलेली कांडी, चाकाखाली चिरडून चिकट झालेलं वाढं, आणि बीडकडनं आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांपुढची कुत्री. कुत्र्यांचं तर ठरलेलंच आहे. पहिला घोळका गेला की ती उठतात आणि दुसऱ्याला धरतात.

मी दुसऱ्यात होते. म्हणजे खरं तर तिसऱ्यात. सातला खुला गट सुटला, गिअरवाली पोरं. सात-पाचला विनागिअर. आणि सात-दहाला आम्ही: चाळिशीच्या पुढचे पुरुष आणि सगळ्या बायका. सगळ्या म्हणजे पाच. एक सांगलीची कॉलेजातली पोरगी, जी वॉर्मअपलाच आमच्यापेक्षा जोरात चालली होती. एक पोलीस भरतीची तयारी करणारी, पायांच्या पोटऱ्या लोखंडाच्या. दोघी मायलेकी, एकसारख्या पिवळ्या जर्सीत. आणि मी, वय 41, वजन 54, कराडात मेडिकल दुकान. खुल्या गटाला पहिलं बक्षीस 11,000 आणि बायकांना 3,000. नोंदणी करताना मी विचारलं, तर "ताई, एंट्र्याच येत नाहीत ओ" असं उत्तर. पुढं वाद घालायला मला वेळ नव्हता, दुकानात गिऱ्हाईक होतं.

सायकलचं खूळ मला उशिरा लागलं. नोव्हेंबरात पुण्याहून गोव्याला डेक्कन क्लिफहँगर ही सायकल शर्यत जाते, 640 किलोमीटरच्या आसपास. त्यातले स्वार रात्री-अपरात्री हायवेनं कराड ओलांडतात, मागनं गाडी दिवे लुकलुकवत. एका रात्री माहेराहून परत येताना असा एक माणूस बघितला. एकटाच, मान खाली, पाय चालूच. नवरा म्हणाला, "ह्याला घरचे काही बोलत नसतील का?" मी काही बोलले नाही, पण पुढच्या महिन्यात सायकल आणली. मग दोन बीआरएम केल्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या. बीआरएममध्ये 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. ताशी पंधरा धरली की झालं, वाटेत मिसळ खा, झाडाखाली दहा मिनिटं पडा, कार्डावर शिक्का मारून घ्या, पुढं चला. मला वाटायचं, 200 करणाऱ्या बाईला जाऊन-येऊन 44 किलोमीटरची शर्यत म्हणजे काय? हा गैरसमज मागच्या वर्षीच फिटला होता. तरी परत नाव घातलं.

तयारी म्हणाल तर पावसाळाभर केली, पण माडीवर. जून ते सप्टेंबर आमच्याकडं, त्यातून पाटणच्या अंगाला, सायकल बाहेर काढायची सोयच नसते. ट्रेनरला, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडला, मागचं चाक अडकवायचं, समोर मोबाईल, बाजूला टेबलफॅन, खाली फरशीवर जुना टॉवेल. तासाभरानं टॉवेल पिळला तर पाणी निघतं. आकडे मात्र छान आले. पायांची ताकद मे महिन्यापेक्षा पंधरा वॅट जास्त. मी ते सासूबाईंनाही दाखवले. त्या म्हणाल्या, "पंधरा वॅटचा बल्ब येतो की."

ट्रेनरला सगळं असतं. चढ असतो, उतार असतो, मोबाईलमधली माणसं मागं टाकून जातात. वारं तेवढं नसतं. आणि इथंच माझं गणित चुकलं.

पाटण रस्त्यावरच्या माझ्या शेवटच्या खऱ्या फेऱ्या मेच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या. त्या दिवसांत पश्चिमेचं वारं कोयनेच्या खोऱ्यातनं जे आत शिरतं, ते जाताना छातीवर घ्यावं लागतं. मल्हारपेठेपर्यंत जीव जातो, परत येताना मात्र सायकल आपोआप पळते. हे माझ्या अंगात इतकं बसलं होतं की तो वाऱ्याचा नव्हे, रस्त्याचाच गुण आहे असं मी धरून चालले होते. जाताना कष्ट, येताना मजा. त्यावरनं डावही आखला. जाताना काकांच्या मागं लपायचं, वळसा घेतला की सोडायचं नाही कुणाला.

पावसाळा गेला की वारं फिरतं. आमच्या शेतावरच्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं झोपेत सांगितलं असतं. मला दहावीच्या भूगोलात परतीचा मान्सून पाच मार्कांना होता आणि मी पाचही मिळवले होते.

सुटलो. पहिले दोन किलोमीटर नुसती गडबड, ब्रेकची कुरकुर, "डावीकडं, डावीकडं", "खड्डा!", कुणाची तरी बाटली उडून ट्रॉलीखाली गेली. मग घोळका लांबट झाला आणि वेग वाढला. घड्याळात बघते तर वेग ताशी 34. मग 36. हृदयाचे ठोके 158. सपाटीवर 36 मी जन्मात कधी बघितले नव्हते, आणि ते 158 ठोक्यांत! खरं तर इथंच शंका यायला हवी होती. मला शंका नाही आली, अभिमान आला. म्हटलं, हे माडीवरचे पंधरा वॅट.

आणि मी पुढं गेले. चाळिशीपुढच्या पुरुषांच्या घोळक्यात सगळ्यांत पुढं, एकटी बाई. सुपनं गाव मागं गेलं. रस्त्याकडेला एक वडापाववाला गाडा मांडत होता, त्यानं शिट्टी मारली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

साठीकडं झुकलेले एक मिशीवाले काका शेजारी आले. जुन्या पद्धतीची स्टीलची सायकल, गिअरची कांडी खालच्या नळीवर. ह्यांनी तरुणपणी मुंबई–पुणे शर्यत केलीय असं सगळे सांगतात. खंडाळ्याच्या घाटात पहिला येईल तो घाटाचा राजा, अशी ती शर्यत. काका राजा झाले नव्हते पण घाट चढले होते, एवढं नक्की. ते शांतपणे म्हणाले, "वैनी, जरा मागं बसा की. येताना लागंल."

मला वाटलं, आले शिकवायला. बाई पुढं दिसली की सल्ला सुचतोच. मी "हो काका" म्हटलं आणि आणखी दोन किलोमीटर पुढंच राहिले.

तेवढ्यात गुऱ्हाळ आलं. रस्त्याच्या उजव्या हाताला, पत्र्याचं छप्पर, बाहेर चिपाडाचा ढीग, काहिलीखाली जाळ. वास आला तो आम्ही गुऱ्हाळाच्या पुढं गेल्यावर, आणि मग तो सुटेचना. अर्धा किलोमीटर तरी आमच्याबरोबर गुळाचा वास चालत होता. मला आठवतंय, मी मनात म्हटलंसुद्धा: किती वेळ येतोय वास! वास मागनं येतोय म्हणजे वारं मागनं येतंय, एवढी साधी गोष्ट, दोन आणि दोन. मी त्या दोन आणि दोनची बेरीज केलीच नाही. मला भूक लागली एवढंच कळलं.

बावीस किलोमीटरवर, मल्हारपेठेच्या पुढं, रस्त्याच्या मध्ये डांबराचं पिंप, त्यावर लाल फडकं, शेजारी शिट्टी घेतलेला पोरगा. पिंपाला वळसा घालून परत. मी वळणाला पुढंच होते, त्यामुळं आतली बाजू मिळाली, ब्रेक दाबले, सायकल जवळजवळ थांबली, आणि वळल्यावर लक्षात आलं की मी मागचा सगळ्यांत कमी दातांचा गिअर बदललाच नाहीये. त्या गिअरवर पायडल दगडासारखं. उभी राहून दाबलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा दाबताना तोंडावर वारं आलं.

झुळूक नव्हे. दार उघडल्यासारखं. डोळ्यांत ऊन आणि तोंडावर गार वारं, दोन्ही पूर्वेकडनं.

पुरुष, सांगलीची पोरगी, पोलीस भरतीवाली आणि पिवळ्यातली लेक माझ्या दोन्ही बाजूंनी निघून गेले. त्यांनी वळायच्या आधीच गिअर टाकला होता. मिशीवाले काका जाताना "चला, चला, चाक सोडू नका" म्हणाले. मी गिअर टाकेपर्यंत दहा मीटरचं अंतर पडलं. तेवढ्यात समोरनं उसाच्या ट्रॉल्या. घोळका एकेरी होऊन शेजारनं सुर्रकन गेला. मी ट्रॉलीच्या धक्क्यानं कडेला झाले, वाढ्यावरनं मागचं चाक जरा सरकलं, हात आखडले. वीस मीटर.

त्या वीस मीटरांविषयी बोलायचंय मला. दुकानाच्या पायरीपासून समोरच्या चहावाल्यापर्यंत जेवढं असतं, तेवढं. पुढं वीस-बावीस माणसं एकमेकांच्या आड बसलेली. चाकामागं चाक लावून बसलं की पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते, हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं, वाचलेलं होतं. पण ते 29 नं चालले होते आणि मीही 29 नंच चालले होते. फरक एवढाच की ते मध्येच बाटली काढून पाणी पीत होते आणि माझे ठोके 181 वर होते. एका मिनिटात ते अंतर पंधरा झालं, मी म्हटलं आलेच. मग रस्ता जरासा चढला आणि पंचवीस झालं. मग मी मागनं फक्त एका काकांच्या पाठीवरचा 47 नंबर बघत राहिले, तो वाचता येईनासा होईपर्यंत.

त्यानंतर एकटी. बाटलीत ओआरएस होतं. पाकिटावर एक लिटर पाणी लिहिलेलं असतं आणि बाटली पाऊण लिटरची, म्हणून मी पाऊणच पाकीट घालते. सवय आहे, लोकांना दिवसातनं दहादा तेच सांगते. त्या वेळी मात्र वाटलं, अख्खं घातलं असतं तर काहीतरी जास्त मिळालं असतं का? घशाला कोरड पडली की फार्मासिस्टही अडाणी होतो.

पुढं एक काळी सायकल दिसली. विनागिअरमधला पोरगा, सोळा-सतरा वर्षांचा. चेन पडली म्हणून मागं राहिला होता, हात कोपरापर्यंत काळे. साधी अठ्ठावीस इंची सायकल, मडगार्ड काढलेलं, कॅरिअर काढलेलं, दांडीवर दुधाच्या किटल्या अडकवून अडकवून रंग उडालेला. मी त्याला गाठलं आणि बीआरएमच्या सवयीनं थेट त्याच्या मागं बसले. काही फायदा नाही. वारं तसंच लागतंय.

त्यानं मान वळवून बघितलं. "ताई, मागं नका बसू. उजव्या अंगाला या. वारं डावीकडनं तिरकं हाय."

आणि तो स्वतः रस्त्याच्या डाव्या कडेला, पांढऱ्या पट्टीवर गेला, मला उजवीकडं जागा व्हावी म्हणून. मी माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या उजवीकडं, जरासं पुढं आणलं. आणि वारं बंद झालं. खरंच, नळ बंद केल्यासारखं. कानातला आवाज गेला आणि त्याच्या चेनची खरखर ऐकू यायला लागली. अर्धा फूट डावीकडं गेलं की वारं परत सुरू, अर्धा फूट उजवीकडं की बंद. बरोबर एका माणसापुरता आडोसा. तिसरा कुणी असता तर त्याला रस्त्याच्या मध्यावर, ट्रॉल्यांच्या वाटेला जावं लागलं असतं. माझ्या लक्षात आलं, घोळक्यातले ते सगळे तिरके का चालले होते.

"रोज दूध घालायला जातो डेअरीवर," तो म्हणाला. "किटल्या असल्या की वारं लई धरतं."

वेगळ्या गटातल्या माणसाच्या आडोशाला बसणं नियमात बसतं का? काटेकोर धरलं तर नाही. तेव्हा मला नियम आठवला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवला होता. मी उजवीकडंच राहिले.

फुकट मात्र नव्हतं. "आता तुमी," म्हणाला, आणि मी पुढं. दोन-दोन मिनिटं. तो पुढं असताना 28, मी पुढं असताना 26. मागचं फ्रीव्हील सोळा दातांचं आहे म्हणाला, अठराचं काढून बसवलंय. पस्तीसनं जायचं तर मिनिटाला शंभराच्या जवळ पाय फिरवावे लागतात, उतारावर तर विचारूच नका. माझ्याकडं बावीस गिअर. वाऱ्यात मी त्यातले दोन वापरले.

मग गुळाचा वास आला. गुऱ्हाळ अजून दिसतही नव्हतं, वळणाच्या पलीकडं होतं, आणि वास आधीच तोंडावर. ह्या वेळी मात्र बेरीज झाली. वळण घेतलं तर छपरावरचा धूर सरळ माझ्याकडं आडवा पडलेला, पाटणकडं बोट दाखवल्यासारखा. जाताना तो माझ्या डोळ्यांसमोर तसाच असणार. मी मोठ्यानं हसले. पोराला वाटलं दमले म्हणून काहीतरी झालं.

तीन किलोमीटर राहिले तेव्हा पोलीस भरतीवाली सापडली. तीही घोळक्यातनं सुटलेली, एकटी, खांदे हलत होते. म्हणजे पुढं फक्त सांगलीची आणि पिवळी लेक, आणि आम्ही दोघी तिसऱ्या नंबरासाठी! पोरगा म्हणाला, "ताई, जातो आता," आणि उभा राहून निघून गेला. पायडलं दिसेनाशी झाली.

आता मी शहाणी झाले होते. तिच्या उजव्या अंगाला जाऊन बसले, गप्प. एक किलोमीटरची पाटी गेली. ती मागं बघते, मी खाली बघते. म्हटलं, ह्या वाऱ्यात जी आधी निघेल ती मरेल, आपण शेवटच्या दीडशे मीटरलाच निघायचं. तिलाही हेच कुणीतरी शिकवलं असावं, कारण तिनंही वेग कमी केला. 24. मग 21. मग 18. कमान दिसतेय, माणसं ओरडतायत, कुणीतरी ताशा आणलाय, आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत भाजी आणायला निघाल्यासारख्या चाललोय.

आणि उजवीकडनं आई गेली.

पिवळ्या जर्सीतली आई. तिला मी साफ विसरले होते. वळशाआधीच मागं पडली होती. ती ना कुणाच्या मागं बसली होती, ना तिनं धूर बघितला होता, आपली 26 नं एकसारखी येत राहिली होती. तशीच गेली. आम्ही दोघी दचकून उठलो, दाबलं, मी हिला अर्ध्या चाकानं मागं टाकलं. पण आई तोवर कमानीखाली पोहोचून लेकीकडनं पाणी घेत होती.

चौथी. तिसरीला पाकीट आणि भिंतीवरचं घड्याळ होतं, दुसरीला ढाल. दोन्ही एकाच घरात गेलं. चौथीला केळं आणि टी-शर्ट, तोही एक्सएल. मिशीवाले काका गळ्यात टॉवेल टाकून बसले होते. मला बघून म्हणाले, "वारं लागलं का, वैनी?" ह्याला काय उत्तर देणार?

दुकान वीस मिनिटं उशिरा उघडलं. सासूबाई गल्ल्यावर आल्या होत्या.

"कितवी?"

"चौथी."

"कितीत?"

"पाच."

त्यांनी पिना मागितल्या. तीनच निघाल्या.

मंगळवारी पहाटे परत त्याच रस्त्याला गेले, सावकाश. गुऱ्हाळापाशी उतरले. काहिलीत रस उकळत होता, गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत होता. मी छपराकडं बघत उभी.

"काय बघताय?"

"धूर. कुणीकडं जातोय ते."

"आता शिमग्यापतोर तिकडंच जातोय की," तो पाटणकडं हात करून म्हणाला. "काकवी पायजे का?"

बाटलीत ओआरएस होतं. ते तिथंच बांधावर ओतलं, बाटली विसळली आणि पुढं केली.